उलट्या पाण्याची तपासणी

चर्चच्या वार्षिक सभेत इमारत समितीचा विषय निघाला, नेमका तेव्हाच डेल्मर टॉलेफ्सन लघवीला गेला. परत येऊन खुर्चीत टेकतो तोवर तो समितीचा अध्यक्ष झाला होता. टाळ्याही वाजून गेल्या होत्या. प्रोस्टेटने आजवर त्याला नाना प्रकारचा त्रास दिला होता, पण पद हे पहिलंच.

"मी नाही म्हणालो नाही का?" त्याने शेजारी बसलेल्या बायकोला, मार्लिसला विचारलं.

"तू इथं होतास कुठं नाही म्हणायला? म्हणून तर एकमताने निवडून आलास."

पद रिकामं झालं होतं ते ऑर्लिन हॅगनमुळे. जानेवारीत अंगणातला बर्फ काढताना ऑर्लिन फावड्यावर ओणवा झाला तो पुन्हा सरळ झालाच नाही. टोर्व्हिक गावात त्याचं नळजोडणीचं दुकान होतं आणि आवाज दुकानापेक्षा मोठा होता. गावातल्या प्रत्येक घराच्या पोटात कुठली नळी कुठून जाते हे त्याला ठाऊक असे आणि ते तो ऐकणाऱ्याची इच्छा असो-नसो सांगत असे. डेल्मरने आयुष्यभर विमा विकला. दोघं शाळेपासूनचे मित्र. उन्हाळ्यात एका होडीत आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरच्या एका खोपटात बसून त्यांनी मिळून किती मासे पकडले असतील ते मासेच जाणोत. ऑर्लिन बोलायचा, डेल्मर पाण्याकडे बघायचा. आपण मित्र आहोत असं दोघांपैकी कुणीही कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. उत्तर मिनेसोटात तसं म्हणण्याची पद्धत नाही. फारच उमाळा आला तर लोक एकमेकांची गाडी ढकलून देतात.

त्या भागात जानेवारीत माणूस गेला की त्याला जमिनीत जागा मिळायला मे उजाडतो. जमीन कुदळीला दाद देत नाही. ऑर्लिनची शवपेटी स्मशानाच्या दगडी खोलीत ठेवली. त्या दिवशी हिमवादळ होतं, प्रार्थनेला बोटावर मोजण्याइतकी माणसं. खरा निरोप वसंतात द्यायचा असं ठरलं. निघताना डेल्मर ऑर्लिनच्या बायकोसमोर, आर्डिससमोर उभा राहिला. तिचा हात हातात घेतला. घरून त्याने तीन-चार वाक्यं जुळवून आणली होती. पण तोंडातून निघालं ते असं: "थंडी फार आहे."

"हो," आर्डिस म्हणाली. "फार."

तेव्हापासून डेल्मर आर्डिसच्या समोर गेला नव्हता. दुकानात ती ब्रेडपाशी दिसली की हा कुत्र्यांच्या बिस्किटांपाशी जाई. घरात कुत्रा नव्हता. मार्लिसने एकदा कपाट उघडून विचारलं, "ही बिस्किटं कुणासाठी साठवतोयस?"

तर मार्चमध्ये नगरपालिकेच्या पाणीखात्याचं पत्र आलं. चर्चच्या बॉयलरवरच्या बॅकफ्लो व्हॉल्व्हची वार्षिक तपासणी करून घ्यावी.

हा व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे ऑर्लिनने डेल्मरला होडीत बसून निदान शंभरदा सांगितलं होतं आणि डेल्मरने ते शंभरदा ऐकलं नव्हतं. तरी कानावर पडून पडून थोडं आत शिरलंच होतं. "पाण्यावर विश्वास ठेवू नकोस, डेल्मर," ऑर्लिन गळाला किडा लावता लावता म्हणायचा. "बाहेरून दाब आहे तोवर ते शहाण्यासारखं घरात येतं. बाहेर कुठं नळी फुटली, दाब पडला, की तेच पाणी मागं फिरतं. आणि येताना एकटं येत नाही. बॉयलरमधलं, गटारातलं, जे वाटेत भेटेल ते हाताला धरून आणतं. ते अडवायला हा व्हॉल्व्ह. आत स्प्रिंग असते. स्प्रिंग म्हणजे माणसासारखीच. एक दिवस दमते, पण दमले असं सांगत नाही. म्हणून दरवर्षी बघावं लागतं."

"मासा," डेल्मर म्हणायचा.

"कुठं?"

"गेला."

चर्चच्या व्हॉल्व्हची तपासणी ऑर्लिन स्वतःच करायचा. आता तो प्रश्न अध्यक्षमहाराजांसमोर होता. एक व्हॉल्व्ह तपासून घ्यायचा, एवढंच काम. चाळीस वर्षं लोकांना आगीची, पुराची आणि वाऱ्याने उडणाऱ्या छपरांची भीती घालून जगलेल्या माणसाला हे काय अवघड? डेल्मरने नगरपालिकेत फोन लावला.

फोनवर लव्हॉन होती. ती चर्चच्या गायकवृंदात डेल्मरच्या मागच्याच ओळीत उभी राहते आणि रविवारी त्याला नुसतं डेल्मर म्हणते. कचेरीत मात्र ती त्याला ओळखत नाही.

"मिस्टर टॉलेफ्सन, तपासणी परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागेल."

"बरं. गावात परवानाधारक कोण आहे?"

कागद चाळल्याचा आवाज आला.

"ऑर्लिन हॅगन," लव्हॉन म्हणाली.

"लव्हॉन, तो वारला."

"मला माहीत आहे. मी गायले होते त्याच्यासाठी." तिचा आवाज थोडा ओला झाला, पण तिने तो लगेच कचेरीचा करून घेतला. "पण यादीतून नाव काढायला राज्य सरकारचं पत्र यावं लागतं. ते आलेलं नाही. तोवर आमच्या दृष्टीने मिस्टर हॅगन उपलब्ध आहेत."

एप्रिलमध्ये स्मरणपत्र आलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: आपल्या सोयीसाठी, संपर्क करा, ऑर्लिन हॅगन. खाली त्याच्या दुकानाचा फोन नंबर. डेल्मर ते पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. मार्लिसची पाठ वळल्यावर त्याने तो नंबर खरंच फिरवला. घंटा वाजत राहिली. दर शनिवारी सकाळी याच नंबरवरून त्याला फोन यायचा, "उठलास का, की माशांनी तुझ्या घरी यायचं?" डेल्मरने घंटा पुष्कळ वेळ वाजू दिली आणि मग फोन अगदी हळू ठेवला, जणू पलीकडे कुणी झोपलं होतं.

आता सल्ले. गावातल्या कॅफेत सकाळी म्हाताऱ्यांचं टेबल भरतं. ऑर्लिनच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नव्हतं. वेट्रेस मात्र सवयीने तिथंही कप ठेवायची आणि मग उचलायची. गेलॉर्ड नावाचा एक जण होता, निवृत्त शेतकरी, ज्याला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्याची हौस. तो म्हणाला, "काही तपासायबिपासायचं नाही. हातोडीने दोनदा ठोकायचं. ठण्ण वाजलं तर चांगला, बद्द वाजलं तर वाईट."

"ते कलिंगड, गेलॉर्ड."

"तत्त्व एकच. आणि मला सांग, त्या चर्चमध्ये आजवर पाणी उलटं गेलेलं पाहिलंय कुणी?"

"ऑर्लिन दरवर्षी तपासायचा म्हणून गेलं नसेल."

"मग झालं तर! इतक्या वर्षांत गेलं नाही, ते यंदाच कशाला जाईल?"

हा युक्तिवाद डेल्मरने आयुष्यभर विम्याच्या गिऱ्हाइकांकडून ऐकला होता आणि प्रत्येक वेळी घाम गाळून तो खोडून काढला होता. त्या सकाळी मात्र तो त्याला बराचसा पटला. माणूस खुर्ची बदलतो तशी त्याची अक्कलही थोडी सरकते.

तरी त्याने लांबच्या शहरातला एक परवानाधारक गाठला. तो म्हणाला, येतो, पण बॉयलरची खोली उघडी ठेवा. आणि इथं घोडं अडलं. त्या खोलीची किल्ली ऑर्लिनच्या जुडग्यात होती, आणि जुडगा आर्डिसकडे.

"जाऊन मागून आण," मार्लिस म्हणाली.

"जातोच."

तो गेला. आर्डिसच्या घरासमोर गाडी हळू केली. ती खिडकीत उभी होती. तिने हात हलवला. डेल्मरनेही हात हलवला आणि गाडी पुढे नेली. परत येताना पुन्हा तिकडूनच आला. पुन्हा हात हलवले गेले. दुसऱ्या दिवशी तेच. आर्डिसला वाटलं असेल, बिचाऱ्याचा फिरायचा रस्ता बदलला.

"मी मागून आणते," मार्लिस म्हणाली.

"नको! समितीचं काम आहे. मी करीन."

"समितीचं नाही, डेल्मर. तुझी जीभ टाळ्याला चिकटलीय, एवढंच."

परवानाधारक आला तेव्हा खोलीला कुलूप होतं. डेल्मर त्याला खांद्याने दार ढकलून दाखवत होता. परवानाधारकाने घड्याळात बघितलं, फेरीचे पैसे मागितले, घेतले आणि निघून गेला. पुढची तारीख जूनमधली. डेल्मरने स्वतःला समजावलं की आता ऑर्लिनला निरोप देऊन झाला की निवांत बघू. अशा वेळी नळाचं बोलणं आर्डिससमोर काढणं बरं दिसत नाही. हा विचार त्याला इतका सभ्य वाटला की त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

मे महिन्यात जमीन मऊ झाली आणि दफनाचा दिवस ठरला. सकाळी ऑर्लिनची पेटी दगडी खोलीतून चर्चमध्ये आणली. ज्या चर्चमध्ये रविवारी रिकाम्या बाकांनाच उपदेश करावा लागतो तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. ऑर्लिनने ज्यांच्या मोऱ्या उपसल्या ती सगळी माणसं आली होती. पास्टरबाई ब्रिटा तरुण होती, नुकतीच आलेली, आणि पाचव्या महिन्यात होती. ती छान बोलली. डेल्मर तिसऱ्या बाकावर बसून समोरच्या पेटीकडे बघत राहिला. पेटीच्या कड्या पितळी होत्या. एक जराशी सैल दिसत होती. ऑर्लिनने असली हयगय खपवून घेतली नसती.

हे चालू असताना टेकडीच्या पायथ्याशी, स्मशानाच्या फाटकापाशी, कबरी खणणारा कर्टिस यंत्राने ऑर्लिनची कबर खणत होता. कर्टिसचं खोदायचं यंत्र चिखलात रुतलं. ते बाहेर काढायला त्याने जोर लावला, तेव्हा ते निघालं, पण निघताना गावाच्या पाण्याची मुख्य नळी उखडून निघालं. पाण्याचा फवारा झाडाएवढा उंच उडाला. कबर भरली. गावभर पाण्याचा दाब बसला, आणि टेकडीवरच्या चर्चमधलं पाणी नळ्यांतून खाली, फुटल्या नळीकडे धावू लागलं. तळघरात बॉयलरवरचा तो व्हॉल्व्ह होता. त्याने आता, आयुष्यात एकदाच, आपलं काम करायचं होतं. ते त्याने केलं नाही. (जूनमध्ये परवानाधारकाने तो उघडला तेव्हा आतली स्प्रिंग गंजून दोन तुकडे झालेली निघाली. एका वर्षात असं होऊ शकतं, तो म्हणाला. दोन वर्षांत होतंच. तो हे डेल्मरकडे न बघता म्हणाला, ही त्याची माणुसकी.) बॉयलरमधलं पाणी, हिवाळ्यात गोठू नये म्हणून त्यात घातलेल्या औषधासकट, चर्चच्या नळांत शिरलं.

कर्टिस चिखलाने माखलेल्या बुटांनी मागच्या दाराने येऊन पास्टरबाईच्या कानात पुटपुटला. पास्टरबाईने जाहीर केलं की थोडी अडचण आली आहे, दफन जेवणानंतर होईल. लोक तळघरातल्या जेवणघराकडे निघाले. पालिकेच्या माणसांनी कुठलीशी चावी फिरवून तोवर दुसऱ्या नळीने पाणी पुन्हा सुरू केलं होतं.

स्वयंपाकघरात वर्नाचं राज्य होतं. या चर्चमध्ये मेलेल्या प्रत्येक माणसाच्या निरोपाची कॉफी वर्नाने केली होती, कॉफीच्या भुकटीत अंडं फोडून, जुन्या नॉर्वेजियन पद्धतीने, आणि पिठा-मिठाच्या डब्यांना हात लावायची इतर कुणाची छाती नव्हती. त्या दिवशी नळ आधी खोकला, मग थुंकला, मग वाहायला लागला. वर्नाचे डोळे मोतीबिंदूने धूसर झालेले. तिने मोठाली भांडी भरून चुलीवर चढवली, पाण्याच्या सुरया भरल्या आणि टेबलांवर धाडल्या.

टेबलं भरली होती. गावातल्या प्रत्येक घरातून हॉटडिश आली होती: नूडल्स, खिमा, डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. सगळ्यांची चव एकच, तरी प्रत्येक बाई दुसरीला कृती विचारत होती. डेल्मर आर्डिसपासून सगळ्यात लांबच्या टेबलावर बसला होता, खांबाच्या आड. त्याच्या समोर गेलॉर्डने कॉफीचा घोट घेतला आणि भुवया वर केल्या.

"वेगळी आहे," गेलॉर्ड म्हणाला.

त्या गावात 'वेगळी आहे' याहून कडक टीका करायला शब्द नाही. आसपासच्यांनी घोट घेतले.

"गोड आहे जराशी."

"वर्नाने साखर घातली? वर्नाने?"

"दुःखाचा प्रसंग आहे. असेल घातली."

"मला तर बरी वाटतेय. अजून मिळेल का?"

डेल्मरला पोटामुळे कॉफी वर्ज्य होती. त्याने सुरईतलं पाणी पेल्यात ओतलं. पाणी गुलाबी होतं. अगदी फिकट, करवलीच्या पोशाखाला शोभेल असं. शेजारच्या टेबलावर एक बाई म्हणत होती की आर्डिसला किती छान सुचलं, पाण्याला रंग द्यायचं. डेल्मर पेला हातात धरून बघत राहिला, आणि त्याला बर्फावरचं खोपटं दिसलं, भोकाशी वाकलेला ऑर्लिन दिसला आणि त्याचा आवाज ऐकू आला: बॉयलरच्या औषधाला मुद्दाम रंग देतात, डेल्मर. नळातून रंग आला की समज, पाणी मागे फिरलंय. इतकी वर्षं न ऐकलेलं वाक्य अक्षरन् अक्षर आठवलं.

तो उठला. "कॉफी पिऊ नका," तो म्हणाला.

त्याचा आवाज त्याच्याच कॉलरपर्यंत पोचला. गेलॉर्ड सौजन्याने म्हणाला, "नको रे, चालतेय. गोड आहे, पण चालतेय."

"कॉफी पिऊ नका! पाणी पिऊ नका! काहीच पिऊ नका!"

स्वयंपाकघराच्या दारात वर्ना उभी राहिली, हातात डाव. "कुणाला आवडली नाही?" तिने विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि वर्नाच्या मानासाठी, निव्वळ माणुसकीपोटी, मोठमोठे घोट घेतले.

आणि मग डेल्मरला दिसली आर्डिस. काळ्या पोशाखात, ताठ बसलेली, कप ओठांशी नेणारी. डेल्मर टॉलेफ्सन खुर्च्यांमधून धावला. धावला म्हणजे त्याच्या गुडघ्यांना जे जमतं ते केलं. जेलीची थाळी आडवी झाली. चार महिने ज्या बाईपुढे उभं राहायचं त्याला धाडस झालं नव्हतं, तिच्या हातावर त्याने फटका मारला. कप उडाला. कॉफी तिच्या मांडीवर, पास्टरबाईच्या बाहीवर आणि ऑर्लिनच्या फुलं लावलेल्या फोटोवर सांडली.

आर्डिसने त्याच्याकडे बघितलं.

"बॉयलरचं पाणी आहे," डेल्मर धापा टाकत म्हणाला. "व्हॉल्व्ह. मी तपासला नाही. किल्ली तुझ्याकडे होती आणि मी... मी आलो नाही."

विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लागला. त्यांनी विचारलं, किती जणांनी प्यायलंय? मार्लिसने मान वळवून खोली बघितली आणि सांगितलं, "गावाने." रुग्णवाहिका बोलावली, पण रुग्णवाहिका चालवणारे स्वयंसेवक तिथंच बसले होते आणि त्यातल्या एकाने तिसरा कप संपवत आणला होता. शेवटी शाळेची बस आणली. काळ्या कपड्यांतली म्हातारी माणसं लहान मुलांच्या सीटांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. वर्ना सगळ्यांत मागे, एकटी, मांडीवर पर्स धरून बसली. ऑर्लिनची पेटी चर्चमध्ये एकटीच राहिली. जाताना डेल्मरने मागे वळून दार लावून घेतलं आणि त्याला वाटलं, आपण ऑर्लिनला दुसऱ्यांदा एकटं सोडून चाललो.

जिल्ह्याच्या गावच्या इस्पितळात सगळ्यांच्या मनगटांना नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या, रक्त घेतलं आणि व्हरांड्यात रांगेने बसवलं. लव्हॉनच्या अंगात मागून उघडा असलेला इस्पितळाचा झगा होता. तशा अवस्थेत ती डेल्मरपाशी आली आणि कचेरीच्या आवाजात म्हणाली, "मिस्टर टॉलेफ्सन, तुमची मुदत संपून गेली होती." मग तिला हुंदका आला. "मी आणखी एक पत्र पाठवायला हवं होतं. पण प्रत्येक पत्रात ऑर्लिनचं नाव टंकावं लागायचं, डेल्मर. मला नाही जमलं."

तरुण डॉक्टर घाईने आला. "औषध कोणतं होतं? दोन प्रकारची येतात. एक तेवढं घातक नसतं. दुसऱ्याने मूत्रपिंडं जातात. कोणतं होतं?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. आपल्यामुळे या व्हरांड्यातली निम्मी माणसं मरणार, हा विचार डेल्मरच्या डोक्यात शिरला आणि तिथंच बसला. मार्लिसच्या दंडाला टेपने लावलेल्या कापसाकडे तो बघत राहिला. तिने अर्धा कपच प्यायला होता. अर्धा म्हणजे किती, ते कुणाला विचारावं हे त्याला कळेना.

"कमी घातक तेच," आर्डिस बाकावरून म्हणाली. "महाग मिळतं. समिती नको म्हणत होती. ऑर्लिनने स्वतःच्या खिशातून आणलं. म्हणाला, ज्या घरात पोरं पाणी पितात तिथं मी विष भरणार नाही. आठवडाभर घरी तणतणत होता. मला एकूण एक शब्द पाठ आहे. ऐकणारं दुसरं होतं कोण?"

डॉक्टरने तरीही सगळं तपासलं. तपासण्यांनी आर्डिसचंच म्हणणं खरं ठरवलं. पोटं बिघडली, दोघातिघांना उलट्या झाल्या, गेलॉर्डने आपल्याला आधीच संशय आला होता असं सगळ्यांना सांगितलं. पास्टरबाईला मात्र पोटातल्या बाळामुळे रात्रभर ठेवून घेतलं. बाळाचे ठोके ठीक आहेत असं नर्स म्हणाली तेव्हा डेल्मर भिंतीला टेकून खाली बसला. त्याला उठवायला दोन माणसं लागली. घरी जायची वेळ झाली तरी वर्ना उठेना. मग आर्डिस तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "वर्ना, ऑर्लिनला नेहमी तुझी कॉफी कडू लागायची. आज त्याला आवडली असती." वर्ना रडली, हसली आणि उठली.

बस टोर्व्हिकला परतली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, पण उजेड भरपूर होता. कर्टिस स्मशानाच्या फाटकाशी उभा होता. त्याने दिवसभर पंपाने कबरीतलं पाणी उपसलं होतं आणि तळाला वाळू टाकली होती. "मी तयार आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही उद्या म्हणत असाल तर..."

"आज," आर्डिस म्हणाली. "तो जानेवारीपासून थांबलाय."

बसमधली माणसं पुन्हा उतरली. ज्यांना उभं राहता येत होतं ती उभी राहिली, बाकीची बसच्या खिडक्यांतून बघत राहिली. पेटी खाली आणली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पास्टरबाई इस्पितळात आहे आणि बोलायला कुणीच नाही. माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघू लागली.

"अध्यक्ष आहेत की," गेलॉर्ड म्हणाला. यात कुचेष्टा होती की मदत, ते त्यालाही ठाऊक नसावं.

डेल्मर पुढे आला. त्याच्या पँटवर जेलीचा हिरवा डाग होता आणि मनगटावर पट्टी. चिखलात बूट रुतत होते.

"ऑर्लिन फार बोलायचा," तो म्हणाला. मग थांबला. लोकांना वाटलं झालं, आणि कुणीतरी घाईने आमेनही म्हटलं. पण झालं नव्हतं.

"मी ऐकायचो नाही. मला वाटायचं, बोलणारा आहेच. आज नाही ऐकलं तर शनिवारी पुन्हा सांगेल. आता शनिवारी मी फोनपाशी जाऊन बसतो. मार्लिसला वाटतं मी पेपर वाचतोय." त्याने मान खाली घातली. "त्याने आज आपल्याला वाचवलं. त्याला हे कळलं असतं तर त्याने वर्षभर सांगितलं असतं. मी ऐकलं असतं. एवढंच."

कर्टिसने पट्टे सैल सोडले. पेटी हळूहळू खाली गेली. आर्डिसने वाकून मूठभर माती उचलली आणि खड्ड्यावर हात उघडला. पण माती नव्हतीच ती, चिखल होता. तो तिच्या तळहाताला चिकटून राहिला. तिने हात झटकला, पुन्हा झटकला. चिखल पडेना. ती तशीच उभी राहिली, हात पुढे धरून, आणि आता काय करायचं असतं हे विसरल्यासारखी बघत राहिली.

डेल्मरने खिशातून रुमाल काढला. तिचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट पुसायला लागला. अंगठा झाला, मग तर्जनी, मग मधलं बोट. चिखल खड्ड्यात पडत होता. चौथ्या बोटाला, जिथं अंगठी होती, तिथं त्याचा हात थांबला, आणि टोर्व्हिक गावात आजवर कुणी पुरुष चारचौघांत रडला नव्हता तसा तो रडू लागला, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. बाकीचे सगळे सभ्यपणे तळ्याकडे बघू लागले. मार्लिसही तिकडेच बघत होती. आर्डिसने हात काढून घेतला नाही. त्याचं रडून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.